तुम्ही त्याची पाठ पाहिलीत, तीच लिहा

पत्र

ताई, नमस्कार. मी पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1990 साली बाहेर पडलो. आमच्या वर्गातला एक मित्र मागच्या पावसाळ्यात हृदयविकाराने गेला. कॉलेजात असताना त्याला बोट क्लबपुढे काही सुचायचं नाही. सेकंड इयरला आम्ही दोघं चौघांच्या एकाच बोटीत होतो. तो स्ट्रोकला, मी त्याच्या मागे तीन नंबरला. थर्ड इयरला माझे दोन विषय राहिले, घरून तंबी मिळाली आणि शर्यतीच्या तोंडावर मी बोट सोडली. तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे." भांडण झालं नाही, पण पहिल्यासारखं काही राहिलं नाही. पुढे नोकरीसाठी तो मुंबईला गेला आणि सेलिंग करायला लागला. मे 2010 मध्ये कमांडर दिलीप दोंदे शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतत होते. तेव्हा त्याचा फोन आला होता, "मुंबईला ये, बघायला जाऊ." मी कामाचं कारण सांगितलं. नंतर फोनही कमी होत गेले.

आता जानेवारीत बॅचचं संमेलन आहे. त्याच्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं आणि स्मरणिकेत पानभर लिहायचं काम माझ्यावर आलंय. लिहायला बसलो की "हसतमुख, मनमिळाऊ, सगळ्यांच्या मदतीला धावणारा" याच्यापुढे गाडी सरकत नाही. त्याच्या मुलीचा मेसेज आलाय, "काका, बाबा कॉलेजात कसे होते?" त्याला दोन महिने झाले, मी उत्तर दिलेलं नाही. शिवाय ग्रुपवर वाद चाललाय. काही जण म्हणतात बोट क्लबला त्याच्या नावाने बोट देऊ, काही म्हणतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस ठेवू. सगळे मला विचारतात. मला मात्र वाटतं, शेवटच्या पंधरा वर्षांत मी त्याचा कोण होतो? त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे का?

ता. क. बोट पाण्याबाहेर काढली की तो आधी तिचं बूड कोरडं पुसायचा, मग स्वतःचं तोंड. आम्ही बाकीचे तोवर चहाला पळालेलो असायचो.

– एक वाचक, पुणे

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली दोन वाक्यं तुम्ही ता. क. मध्ये ढकलली आहेत. ती वाचून मला तुमचा मित्र दिसला. सकाळची वेळ, हाफ पँट भिजलेली, हातात एखादं जुनं फडकं, आणि चहाला गेलेल्या चौघांची वाट न बघता तो उलट्या ठेवलेल्या बोटीच्या बुडावरून हात फिरवतोय. "हसतमुख, मनमिळाऊ" वाचून कोणीच दिसत नाही, कारण गेलेल्या प्रत्येक माणसाबद्दल आपण हेच लिहितो. तेव्हा लेखाची सुरुवात त्या बुड पुसण्यापासून करा. पहिलं वाक्य तुमच्याकडे तयार आहे.

आता हक्काचं. तुम्ही तीन नंबरला बसत होतात, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मी नेव्हल एनसीसीत असताना व्हेलर, म्हणजे नौदलाची वल्ह्यांची बोट, ओढलेली आहे, त्यामुळे मला ते वाचताच कळलं. पण ज्यांनी कधी वल्हं हातात धरलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. रोइंगमध्ये वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो. स्ट्रोकवाला, म्हणजे बाकीच्यांना लय देणारा, बोटीच्या शेपटाकडच्या टोकाला, बाकीचे तिघं त्याच्या पाठीमागे. त्याच्यासमोर, त्याच्याकडे तोंड करून कॉक्स, म्हणजे सुकाणू सांभाळून हाका देणारा. आणि तीन नंबरवाल्याला शर्यतभर काय दिसतं? स्ट्रोकवाल्याची पाठ. त्याचे खांदे पुढे झुकले की आपले झुकायचे, त्याचं पातं पाण्यात गेलं की आपलंही त्याच क्षणी गेलं पाहिजे. मागच्या दोघांपर्यंत ती लय पोहोचवायची ती तीन नंबरनेच.

म्हणजे जवळपास वर्षभर, रोज सकाळी, तुम्ही त्या माणसाच्या पाठीकडे बघून हात हलवलेत. त्याच्या बायकोनेही त्याची पाठ इतकी निरखून पाहिली नसेल. दमला की त्याचा कुठला खांदा आधी पडायचा, हे तुम्हाला माहीत आहे. बोट डगमगली की त्याची मान ताठ व्हायची की सैल, हे तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या पंधरा वर्षांत तुम्ही त्याच्या जवळ नव्हतात, हे खरं. त्या पंधरा वर्षांबद्दल तुम्ही बोलूच नका. तुमच्याकडे एक जागा आहे, तीन नंबरची. तिथून जे दिसलं तेवढ्याचा पुरा हक्क तुम्हाला आहे, आणि तो दुसऱ्या कोणाला नाही.

त्या पाठीबद्दल लिहा. लिहायला बसण्याआधी स्वतःला काही साधे प्रश्न विचारा. पहाटे नदीवर पोहोचायला तो तुमच्या आधी असायचा की तुम्ही त्याला हॉस्टेलमधून उठवायचात? पुण्याच्या डिसेंबरात वल्ह्याची मूठ हाताला बर्फासारखी लागते, तेव्हा तो काय करायचा? तळहाताला फोड आले की त्यावर काय लावायचा, की तसाच ओढायचा? जलपर्णी आली आणि पातं त्यात अडकलं की चिडायचा का? आणि तुमच्याकडून कधी क्रॅब झाला असेलच. पातं पाण्याखाली अडकून दांडा पोटात बसतो आणि अख्खी बोट गचका खाऊन थांबते, तो क्रॅब. नवख्यांकडून तो होतोच. तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं का? काय म्हणाला? माणसाचा स्वभाव मला तरी अशा एका प्रसंगातून जितका कळतो, तितका गुणांच्या यादीतून कळत नाही.

पाच मिनिटांच्या भाषणात पाचशे-सहाशे शब्दच बसतात. तीन प्रसंग पुष्कळ झाले. जन्मतारीख, नोकऱ्या, बढत्या यांची यादी स्मरणिकेच्या चौकटीत जाऊ दे, ती दुसरं कोणीही करील. संमेलनाला आलेल्या बायका-मुलांना बोट क्लब म्हणजे काय हेच माहीत नसेल, तेव्हा चार वाक्यं त्यावरही खर्च करा. मुळा-मुठेच्या संगमाजवळची ती नदी, खाली बंडगार्डनच्या बंधाऱ्याने अडवलेलं पाणी, म्हणून उन्हाळ्यातही बोट चालवता येण्याइतकी खोली. 1928 पासून मुलांनी चालवलेला क्लब. रेगाटाची, म्हणजे क्लबच्या बोटींच्या उत्सवाची संध्याकाळ, कयाक या चिंचोळ्या होड्यांचा बॅले, पंट या सपाट बुडाच्या होड्यांच्या रचना, अंधार पडल्यावर मशाली आणि काठावर पुण्यातली अर्धी कॉलेजं. तुमच्या बॅचला हे सगळं पाठ आहे, त्याच्या घरच्यांना नाही. आणि हेही सांगा की त्या मशालींच्या आधी महिनोन्महिने रोज पहाटे नदीवर कोणी प्रेक्षक नसायचा. तुमचा मित्र त्या पहाटेचा माणूस होता, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. बरोबर असेल तर लिहा.

एक काम मात्र लिहिण्याआधी करा. तुमच्या कॉक्सला फोन लावा. त्या बोटीत तुम्ही सगळे एकमेकांच्या पाठी बघत होतात. तुमच्या मित्राचा चेहरा फक्त कॉक्सला दिसत होता. शेवटच्या दोनशे मीटरला छाती फुटायची वेळ येते तेव्हा तो दात आवळायचा, डोळे मिटायचा की हसायचा, हे कॉक्स सांगेल. बो, म्हणजे बोटीच्या नाकाकडे बसणारा एक नंबर, आणि दोन नंबरलाही फोन करा. तुम्ही चौघंजण शेवटचे एकत्र कधी बोललात कोण जाणे, पण यासाठी बोलाल. फोन लागला की आधी त्यांची परवानगी घ्या आणि रेकॉर्डिंग लावा. लिहून घेण्याच्या नादात माणसाचा आवाज निसटतो आणि मुलीला पुढे तो आवाजच हवा असेल.

मुलीचं आता बोलू. सगळ्यात निकडीचं तेच आहे. संमेलन जानेवारीत आहे, ते थांबेल. दोन महिने झालेला मेसेज थांबत नाही. तुम्हाला वाटतंय की नीट, पूर्ण, चांगलं उत्तर लिहू आणि मग पाठवू. तिकडे तिला वाटत असेल की काकांना आठवत नाही, किंवा सांगण्यासारखं काही नाही. वडील गेलेल्या मुलीने अनोळखी माणसाला असा मेसेज पाठवायला किती धीर गोळा केला असेल, याचा विचार करा. हे वाचून झालं की लगेच तिला दोन ओळी पाठवा. "उशीर झाला, माफ कर. तुझे बाबा बोट पाण्याबाहेर काढल्यावर आधी तिचं बूड पुसायचे, मग स्वतःचं तोंड. अजून खूप आहे, या रविवारी फोन करू का?" एवढं पुरे. मग रविवारी फोन खरंच करा.

तिला काय सांगायचं याची फार काळजी करू नका. तिने बाबांना बाबा म्हणून पाहिलंय. वीस वर्षांचा, परीक्षेची फिकीर नसलेला, दोन वेळचं जेवण तीन वेळा जेवणारा पोरगा तिने पाहिलेला नाही. तो तिला दाखवा. तो देवमाणूस असण्याची गरज नाही. त्याचे मार्क कमी होते का, सबमिशनच्या आदल्या रात्री तो दुसऱ्याच्या जर्नल्स उतरवत होता का, मेसचे पैसे थकवायचा का? बिनधास्त सांगा. आपण गेलेल्या माणसाला इतकं घासूनपुसून उभं करतो की घरच्यांना तो ओळखूच येत नाही.

आणि तिच्याकडूनही ऐका. तुम्हाला रोइंगवाला ठाऊक आहे, तिला सेलिंगवाला. हे दोन वेगळे खेळ आहेत आणि वेगळी माणसं घडवतात. वल्ह्याच्या बोटीत सगळं तुमच्या पायांवर आणि पाठीवर. शिडाच्या बोटीत वाऱ्याचं ऐकावं लागतं. समोरून येणाऱ्या वाऱ्यात थेट जाताच येत नाही, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला तिरकं घेत, नागमोडी वाटेने पुढे सरकावं लागतं. इतकी वर्षं तो मुंबईच्या बंदरात, दुपारी सुटणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात, भरती-ओहोटीची वेळ साधून होडी काढत असेल. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो, तो त्यांच्यावर सुट्टीचे बेत आखत असेल. त्या तरुण स्ट्रोकवाल्याचं पुढे काय झालं, हे तुम्हाला तीच सांगू शकते.

तिला विचारा, पावसाळ्यात बाबा घरी कसे असायचे. मुंबईतलं सेलिंग जूनपासून साधारण सप्टेंबरपर्यंत बंद असतं, बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. अशा चार महिन्यांत सेलिंगवाला माणूस घरात काय करतो, हे घरच्यांइतकं कोणाला कळणार? दोऱ्या घेऊन बसायचे का, शिडं दुरुस्त करायचे का, नुसते खिडकीतून वाऱ्याची दिशा बघायचे का? 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून जगाची फेरी मारून गोव्याला परतल्या, तेव्हा ती शाळेत असेल. त्या महिन्यांत घरात भिंतीवर नकाशा लागला होता का, तेही विचारा. तुमचा फोन चौकशीसारखा वाटणार नाही, गप्पांसारखा होईल. तिलाही कोणीतरी विचारायला हवंच आहे.

आता दोंद्यांच्या वेळचा तो फोन. तो तुम्हाला खूप टोचतोय, पत्रात बाकी सगळं धावतं लिहिलंत आणि त्याचा मात्र महिना-वर्ष दिलंत, त्यावरून कळतं. दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून एकटे निघाले, गोव्यात दिवाडीला बांधलेल्या 'म्हादेई'तून. वाटेत चारच बंदरं घेतली आणि मे 2010 मध्ये ते परत आले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ज्याला समुद्राचं वेड आहे त्याच्यासाठी हा केवढा दिवस असेल! अशा दिवशी त्याच्या ओळखीत मुंबईतले सेलिंगवाले मित्र असणारच, तरी त्याने पुण्याला फोन लावला. कोणाला? थर्ड इयरला बोट सोडून गेलेल्या तीन नंबरला.

माझ्या मते त्या "ठीक आहे"चं तुम्ही वीस वर्षं धरून ठेवलेलं ओझं त्याच्याकडे तेव्हा उरलेलं नव्हतं. अढी असती तर माणूस असा फोन करत नाही. तुम्ही गेला नाहीत याची हळहळ राहील, ती मी काढून टाकू शकत नाही आणि तुम्हीही काढू नका. पण फोन आला होता, ही गोष्ट हळहळीपेक्षा मोठी आहे.

ही गोष्ट संमेलनाच्या मंचावर मात्र सांगू नका. मंचावर सांगितलीत की सभागृह तुमची समजूत काढायला लागेल, चार जण येऊन पाठीवर हात ठेवतील आणि पाच मिनिटं त्याच्याऐवजी तुमची होतील. मुलीला सांगा, त्याच्या पत्नीला भेटाल तेव्हा तिलाही सांगा. पश्चात्ताप म्हणून सांगू नका, बातमी म्हणून सांगा: तुझ्या बाबांनी त्या दिवशी मला बोलावलं होतं, मी गेलो नाही, त्या दिवशी काय काय झालं ते तुला काही माहीत आहे का? कदाचित ती स्वतःच त्यांच्याबरोबर गेली असेल. बोट सोडल्याचंही तिने विचारलं तर सरळ सांगा. अभ्यास राहिला, घरून दबाव होता, सोडली. त्या काळात अशी बोट कितीतरी मुलांनी सोडली.

राहिला बॅचचा वाद. पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या नावाने बक्षीस, ही कल्पना मला अजिबात पटलेली नाही आणि मी स्पष्टच सांगते. पहिल्या आलेल्या मुलाला बक्षिसांची वाण नसते. आणि ज्याचा जीव नदीवर होता त्याचं नाव गुणपत्रिकेला जोडून काय साधणार? बोट देण्यामागची भावना मला समजते, पण बोट महाग, ठेवायला जागा लागते, वर्षानुवर्षं निगा लागते. उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो निघतो, आणि बोटीचा प्रकार क्लबच्या गरजेचा नसेल तर ती शेडमध्ये वर टांगून राहते. त्यापेक्षा ज्या वस्तू रोज हातात येतात आणि झिजतात त्या द्या. वल्ही, लाइफ जॅकेट, सराव करायचं रोइंग मशीन. नाहीतर स्पर्धेला बाहेरगावी जाणाऱ्या मुलांचं भाडं आणि खाणं. रोइंगमध्ये चांगली मुलं पैशाअभावी मागे राहू नयेत असं ज्याला वाटतं, त्याने दत्तू भोकनळची आठवण ठेवावी. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या पाण्याची वानवा असलेल्या गावचा मुलगा, सैन्यात गेल्यावर त्याच्या हाती वल्हं आलं, पुण्यात तो घडला आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारायच्या शर्यतीत, 13 वा आला. त्याला सैन्याने उभं केलं. कॉलेजच्या मुलांना त्यांची जुनी बॅच उभं करू शकते.

हे सगळं ग्रुपवर लिहू नका, तिथे वाद वाढेल. दोघे-तिघे मिळून एका पहाटे बोट क्लबवर जा. सरावाला आलेल्या मुलांना आणि बोटींची देखभाल करणाऱ्या माणसाला विचारा, यंदा तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय. ते सांगतील त्याचा खर्च काढा, आकडा आणि वस्तू दोन्ही ठरवूनच ग्रुपवर टाका आणि पैसे गोळा करायचं काम तुमच्या कॉक्सकडे द्या, हाका मारायची सवय त्याला आहे. त्याच्या घरच्यांना आधी विचारल्याशिवाय कुठेही नाव छापू नका. आणि हे डिसेंबर संपायच्या आत उरका, म्हणजे संमेलनाच्या दिवशी कोणी माइक हातात घेऊन पुन्हा बक्षिसाचा विषय काढणार नाही.